दाब, धर, सोड

१

शनिवारी कॉलेज लवकर सुटलं. घरी आल्या आल्या राजकन्यानं साडी बदलली, नवऱ्याचा जुना चौकड्यांचा शर्ट आणि एक विटकी सलवार चढवली, केसांना फडकं बांधलं आणि ती अंगणात गाडीपुढं येऊन उभी राहिली. जानेवारीतलं ऊन होतं, पाठीवर घेत बसावं असं. शेजारच्या नागम्माच्या अंगणात तुरीचा ढीग पडला होता आणि त्याचा हिरवट, कडवट वास भिंतीवरून इकडं येत होता.

उद्या ट्रॅक डे होता. हैदराबादच्या पलीकडं गाड्या पळवायचा एक ट्रॅक होता, आणि अधूनमधून एखाद्या रविवारी तो हौशी लोकांना मोकळा करून देत. तिथं शर्यत नसे, बक्षीस नसे. आपली रोजची गाडी न्यायची, डोक्यात हेल्मेट घालायचं आणि अंगात जितकी हिंमत असेल तितकी पळवायची. राजकन्याच्या नवऱ्याला, निवृत्तीला, ह्याचं भलतंच वेड होतं. पाटबंधारे खात्यात दिवसभर खाली मान घालून काम करणारा माणूस, पण गाडीचा विषय निघाला की डोळे चमकायचे. ही निळी गाडी त्यानं जुनी घेतली आणि स्वतःच्या हातानं तिच्यातलं जवळजवळ सगळं बदललं.

निवृत्तीला जाऊन आता दोन वर्षं होत आली होती.

त्याचा नांदेडचा मित्र धम्मानंद महिनाभरापूर्वी फोनवर भीतभीतच म्हणाला होता, "वहिनी, निवृत्तीच्या गाडीचं नाव घालू का यादीत? चालवणार कोण ते बघू नंतर."

"बघायचं काय त्यात? मी चालवणार," राजकन्या म्हणाली होती. म्हणून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. पण ते खरं होतं. देगलूरहून कॉलेजला रोज ती हीच गाडी नेत होती, आणि निवृत्ती असताना ट्रॅकवर एकदोनदा तिनंही हात साफ करून घेतला होता.

ट्रॅकवर सगळ्यांत जास्त हाल होतात ते ब्रेकचे. ते इतके तापतात, की जुनं ब्रेक ऑइल आतल्या आत उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि ऐन वळणावर पेडल गादीत पाय घातल्यासारखं खाली जातं. म्हणून जाण्याआधी पुढच्या चाकांचे पॅड नवे घालायचे आणि चारी चाकांतलं जुनं ऑइल काढून नवं भरायचं. हे काम गॅरेजवर द्यायचं नाही, असा निवृत्तीचा नियम होता. "ज्याच्या पायाखाली ब्रेक, त्यानंच तो उघडून बघावा," असं तो म्हणायचा.

राजकन्यानं गाडी जॅकवर उचलून चारी बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या आणि चाकं काढली. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट काढले, झिजून पत्र्याला आलेले पॅड बाहेर घेतले, पिस्टन शिकंज्यात धरून मागं सारला आणि नवे पॅड बसवले. इथवर सगळं एका माणसाचं काम होतं. हवा काढायला मात्र दोघं लागतात. एकानं गाडीत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बसून निपल, म्हणजे ऑइल सोडायची बारीक तोटी, उघडायचं.

दोघं होते तेव्हा चाकापाशी निवृत्ती असायचा आणि पेडलवर ती. तो म्हणायचा, "दाब." ती दाबून म्हणायची, "दाबलं." "धर." "धरलं." मग तो निपल उघडायचा, पेडल हळूच खाली जायचं, नळीतून काळपट ऑइल बाटलीत उतरायचं. तो निपल बंद करायचा. "सोड." "सोडलं." अख्खी संध्याकाळ दोघं एवढंच बोलत. आणि तरी त्या संध्याकाळी दोघांत जितकं बोलणं झालं असं तिला वाटायचं, तितकं एरवी आठवड्यात होत नसे.

२

"आत्या, जरा बाहेर या की. दाबायचं काम हाय."

यशोदाबाई, तिची सासू, दारात आल्या. "कुणाचे पाय दुखून राहिले गं?"

"पाय न्हाई आत्या. ब्रेक दाबायचाय."

यशोदाबाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचा राहिला होता. त्या चाचपडत गाडीत चढल्या, स्टिअरिंगला हात लावून तोच हात कपाळाला लावला आणि सवयीनं एक पाय सीटवर घेऊन बसल्या.

"ह्या गाडीत म्होरं कधी बसले न्हाई मी. निवृत्ती बसूच देत नव्हता. मागं निवांत आडवी हो म्हणायचा."

"आता बसा. पाय खाली घ्या. मधला दांडा हाय ना, तो. मी दाबा म्हणलं की दाबायचं, आणि मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचं न्हाई."

मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात झाली. यशोदाबाई जोर लावून दाबायच्या, पण मध्येच गुडघ्यात कळ आली की न सांगता पाय उचलायच्या आणि निघालेली हवा परत आत जायची. पुन्हा पहिल्यापासून. एकदा तर त्यांनी ब्रेकऐवजी क्लच दाबला आणि वर म्हणाल्या, "हे लई मऊ हाय की गं, उगं बोंबलत होतीस." राजकन्या चाकाखाली आडवी पडून एकटीच हसली. कितीतरी दिवसांनी हसली. रखडत का होईना, मागची दोन्ही चाकं झाली.

पुढचं डावं चाक घेताना मात्र काम एकदम सुरळीत चाललं. पेडल सावकाश, सारख्या दाबानं खाली जात होतं. नळीतून बुडबुड्यांची माळ सरसर उतरत होती. "दाबलं," वरून आवाज यायचा. "धरलं." मध्ये एकदाही चूक नाही. आत्या शिकल्या म्हणायच्या, असं राजकन्याच्या मनात आलं. हात तेलकट, लक्ष सगळं नळीकडं. बाटली निम्मी भरली तेव्हा ती म्हणाली, "सोडा."

"सोडलं."

आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून यशोदाबाईंच्या हसण्याचा आवाज आला.

राजकन्या उठून उभी राहिली. भिंतीच्या पलीकडं नागम्माच्या ओट्यावर यशोदाबाई बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात सोललेले तुरीचे दाणे. एवढे दाणे सोलायचे म्हणजे काही आत्ता बसून झालेलं काम नव्हतं.

"आत्या! तुम्ही कवा गेलात तिकडं?"

"कवाच आले की गं. मागची चाकं झाल्यावर. तुला सांगून आले, तू हाव म्हणलीस."

"हाव म्हणलीस अक्का, मी ऐकले," नागम्मानं तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत साक्ष दिली.

राजकन्या गाडीला वळसा घालून गेली. ड्रायव्हरचं दार सताड उघडं होतं. सीट रिकामी होती.

३

ती बारावीच्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवायची. भीती वाटण्याआधी कारण शोधायचं, ही तिची सवय होती. निपल उघडं असलं की ऑइल आपल्या वजनानं थेंब थेंब खाली येतं, हे खरं. पण असं दाबानं, उसळून येत नाही. तिनं वाकून हातानं पेडल दाबून पाहिलं. ते उंच होतं आणि दगडासारखं घट्ट. पाय ठेवून कुणी दाबल्याशिवाय ते असं होत नाही.

आवाजाचं कारण सोपं होतं. सवय. दोघांनी हे काम इतक्या वेळा केलं होतं, की कानानं रिकामी जागा आपसूक भरली असणार. झोपेत फोनची घंटा ऐकू येते तसं.

सीटवर तिनं तळहात ठेवला. सीट उबदार होती. उन्हानं तापली असेल म्हणावं, तर ऊन त्या बाजूनं केव्हाच सरलं होतं.

"अजून लागते का मी?" यशोदाबाईंनी भिंतीवरून विचारलं.

हो म्हणायला हवं होतं. नळीत अजून बारीक बुडबुडे दिसत होते, चाक पुरं झालं नव्हतं.

"न्हाई आत्या. बसा तुम्ही," राजकन्या म्हणाली.

आपण असं का म्हणालो, हे तिचं तिला कळलं नाही. ती परत डाव्या चाकापाशी जाऊन बसली. नळी निपलवर नीट बसवली, पाना लावला. आत्यांना ती अहोजाहो करायची, 'दाबा' म्हणायची. आता तिनं खालच्या आवाजात म्हटलं,

"दाब."

काही क्षण काहीच झालं नाही. मग गाडीतून सीटची स्प्रिंग दबल्यासारखा करकर आवाज आला आणि नळीतलं ऑइल हललं.

"दाबलं."

ह्या वेळी ती ऐकायला तयार होती, म्हणून तिनं नीट ऐकलं. तो आत्यांचा आवाज नव्हता, निवृत्तीचाही नव्हता. निवृत्तीनं हा शब्द कधी उच्चारलाच नव्हता, त्याचे शब्द दुसरे. हा आवाज बाईचा होता, भरलेला, शेवटी थोडा खट्याळ वर चढणारा. कॉलेजच्या एका जुन्या कार्यक्रमाच्या व्हिडिओत हाच आवाज ऐकून, 'मी अशी बोलते?' म्हणून ती लाजली होती.

तो तिचा स्वतःचा आवाज होता.

राजकन्यानं गाल जमिनीला टेकवला आणि गाडीखालून पलीकडं पाहिलं. उजव्या बाजूला, उघड्या दाराखाली, फरशीवर एक पाऊल टेकलेलं होतं. एक पाय आत पेडलवर आणि एक बाहेर जमिनीवर, असं ती नेहमी बसायची. असं कुणी गाडीत बसतं का, म्हणून निवृत्ती चिडवायचा. पायात निळ्या पट्ट्याची स्लीपर, वर साडीचा पोपटी काठ, आणि दुसऱ्या बोटात चांदीची जोडवी. ती जोडवी आता कपाटात, हळदीच्या डागाच्या रुमालात बांधून ठेवलेली होती.

पावलाचा अंगठा हळूहळू फरशीवर ताल धरत होता. काही गुणगुणताना धरतात तसा.

"अहो," वरून आवाज आला, "किती राहिलं?"

४

राजकन्या पळाली नाही. पळावंसं वाटलं, पण हातात निपल उघडं होतं, आणि ते तसंच टाकून गेलं तर सगळी मेहनत वाया जाणार होती. माणूस अशा वेळी कशाला धरून राहतो, ते सांगता येत नाही. तिनं निपल बंद केलं. "सोड," म्हणाली.

"सोडलं."

डावं चाक झालं. उरलं पुढचं उजवं. म्हणजे दाराला लागूनच.

बाटली आणि पाना घेऊन ती गाडीच्या पुढून वळली. मान वर केली नाही. चाकाच्या जागेपाशी पाट ठेवून बसली. तिच्या आणि सीटवर बसलेल्या बाईच्या मध्ये आता फक्त दाराचा पत्रा होता. दाराखालून ते पाऊल दिसत होतं, हात लांब केला असता तर लागलं असतं. खोबरेल तेलाचा वास येत होता. उन्हं पार कलली होती. भिंतीपलीकडून नागम्माची आणि आत्यांची कुजबुज येत होती, सुपात पाखडल्याचा आवाज येत होता, सगळं जागच्या जागी होतं.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं. अहो, आज लई गप गप हायत तुम्ही."

निवृत्ती काम करताना उत्तर म्हणून नुसता हुंकार द्यायचा. राजकन्यानं घशातून तसा हुंकार काढला. तेवढ्यानं बाई खूश झाली.

"उद्या मला पण चालवायला देणार ना? मागल्या खेपेसारखं दोन चकरांत उतरवायचं न्हाई. धम्मानंद भाऊजी म्हणले, वहिनी तुमच्यापेक्षा जोरात घेते वळण. तवापासून तुमचं तोंड फुगून राहिलंय, कळतं मला."

राजकन्याला तो शनिवार आठवला. हेच शब्द ती त्या दिवशी बोलली होती. दुसऱ्या दिवशी दोघं ट्रॅकवर गेली होती, हसत परत आली होती. आणि त्याच आठवड्यात निवृत्ती ऑफिसच्या कामाला नांदेडला गेला आणि तिथं त्याच्या छातीत कळ आली. ऑफिसची माणसं जीप घेऊन तिला न्यायला आली. तब्येत जरा बिघडलीय म्हणाली. देगलूरहून नरसी, नरसीहून नांदेड, सगळ्या रस्त्यानं कुणी तिच्याशी एक शब्द बोललं नाही. जीपमधल्या प्रत्येकाला माहीत होतं, एकटी तीच जिवंत नवऱ्याकडं चालली होती. पुढच्या सीटवर बसून तिनं सगळा रस्ता उजवा पाय जिवाच्या आकांतानं खाली दाबून धरला होता, तिथं ब्रेक नसताना. शेवटी दवाखान्याच्या जिन्यात कुणा अनोळखी बाईनं तिचा हात धरून सांगितलं. मग विधी, मग कागदपत्रं, मग आत्यांचं अंथरुणाला खिळणं, मग परीक्षा. रडायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

दाराच्या पलीकडं बसलेल्या ह्या बाईला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिचा शनिवार अजून संपला नव्हता. नुसता हुंकार देत राहिलं असतं तर ती तशीच बसून राहिली असती, ताल धरत, उद्याची वाट बघत. राजकन्याला क्षणभर तिचा हेवा वाटला. राहू दे की तिला. तिच्या सुखात मिठाचा खडा का टाकायचा?

पण ती बाई पेडल दाबून बसली होती. 'सोड' म्हणणारा कुणी येणारच नसेल, तर तिनं किती वर्षं पाय दाबून बसायचं?

राजकन्यानं निपल घट्ट बंद केलं. पाना खाली ठेवला.

"राजकन्या," तिनं हाक मारली.

"काय हो?" लगेच उत्तर आलं.

"एक सांगायचं हाय. पाय सोडू नको. धरून ठेव."

"धरलाय की."

"ते गेले."

अंगठ्याचा ताल थांबला.

"कुठं?"

"नांदेडला गेले होते कामाला. तिथंच. छातीत कळ आली. कुणाला काही करता आलं न्हाई. त्यांना लई वेळ त्रास झाला न्हाई, असं म्हणले सगळे."

दाराच्या पलीकडं श्वास ऐकू येत होता. आत घेतलेला, बाहेर न सोडलेला.

"तुला कुणी सांगितलं न्हाई," राजकन्या म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, ती स्वतःच त्यानं चकित झाली. "सांगायला पाहिजे होतं. लवकर. जीपमध्येच. म्हणून मी सांगून राहिले."

मग अगदी बारीक आवाज आला, खट्याळपणा पार उतरलेला.

"मग आतापर्यंत दाब, धर म्हणत होतं ते कोण?"

राजकन्यानं दाराच्या पत्र्यावर आपला तेलकट तळवा टेकवला. पत्रा गार होता. पण मधोमध, तळव्याएवढ्याच जागेत, पलीकडून ऊब येत होती.

"पाय भरून आला," आवाज म्हणाला. "सोडू का?"

"सोड."

पेडल वर आल्याचा आवाज झाला. 'सोडलं' असं ह्या वेळी कुणी म्हणालं नाही. पाऊल उचललं गेलं. राजकन्यानं डोळे मिटून घेतले. स्लीपरचा आवाज तिच्या अगदी जवळून, पाठीमागून, घराच्या दाराकडं गेला. उंबऱ्यापाशी थबकला आणि आत गेला.

५

आत्या भिंतीपलीकडून केव्हा घरात गेल्या, ते तिला कळलं नव्हतं. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला तेव्हा ती चाकाचे नट आवळत होती.

"काय झालं गं? काय झालं माझ्या मायला? ये. ये हिकडं."

आणि मग रडणं. आधी दाबलेलं, पदरात कोंबलेलं, आणि मग बांध फुटावा तसं मोकळं. राजकन्यानं पाना खाली ठेवला. आपण असे रडतो, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"रड, रड," आत्या म्हणत होत्या. "रडून घे. मला वाटलं, तू रडणारच न्हाईस कधी. माझा ल्योक होता तो, मी रडून मोकळी झाले. तू आपली भांड्यावर भांडं घासून राहिलीस. रड माझी माय."

आत जावं असं राजकन्याला वाटलं. आणि जाऊ नये असंही. दारात आपण उभे राहिलो आणि त्या खांद्यावरच्या डोक्यानं वळून बघितलं, तर? भीती त्याचीच होती. पण त्याहून जास्त, ते रडणं मध्ये तुटू नये असं वाटत होतं. म्हणून ती अंगणातच राहिली. एकेक चाक बसवलं, घोड्या काढल्या, गाडी खाली उतरवली, ऑइलची पातळी पाहून झाकण लावलं. हत्यारं पुसून पेटीत ठेवली, पेटी परत उघडली, परत पुसली. आतलं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. मग आतल्या खोलीकडं जाणारी पावलं, कॉटचा आवाज, आणि आत्यांचं काहीतरी पुटपुटणं.

दिवे लागले तशी ती हातपाय धुऊन घरात गेली. यशोदाबाई चुलीसमोर नव्हत्या, पाटावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या डाव्या खांद्यावरचं लुगडं ओलं झालेलं होतं.

त्यांनी धूसर डोळ्यानं वर पाहिलं.

"आत्ता तर निजवलं तुला. परत कशाला उठलीस?"

आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. राजकन्या दारापर्यंत गेली. दिवा लावला नाही. बाहेरच्या उजेडाचा पट्टा कॉटच्या पायथ्यावर पडला होता. कॉटवर तिच्या बाजूला, भिंतीकडं तोंड करून, वाकळ पांघरून कुणीतरी झोपलं होतं. वाकळ सावकाश वर होत होती, खाली होत होती. मध्येच एखादा उशिराचा हुंदका. दुसरी बाजू, निवृत्तीची, तशीच मोकळी सोडलेली होती.

वाकळीतून पाय उघडे पडले होते. थंडीचे दिवस होते.

राजकन्या पायाच्या बोटांवर आत गेली, वाकळीचं टोक हळूच ओढून त्या पायांवर घातलं आणि दार लावून बाहेर आली. ती रात्र ती आत्यांशेजारी बैठकीत झोपली. आत्यांनी का म्हणून विचारलं नाही.

६

पहाटे निघताना यशोदाबाईंनी भाकरीची चवड आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. त्या राजकन्याबरोबर ट्रॅकवर येणार, असं ठरलेलं होतं. पण त्यांनी पायात चप्पल घातली नव्हती.

"आत्या, येणार ना?"

"न्हाई गं. तू जा." त्यांनी बंद खोलीकडं मान वळवली. "ती उठली आणि घरात कुणी नसलं तर घाबरल. मी हाय हितं."

राजकन्या त्यांच्याकडं बघत राहिली. यशोदाबाईंनी तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला, बोटांनी चेहरा वाचल्यासारखा, कपाळ, भुवया, हनुवटी.

"ती बी माझीच हाय," त्या म्हणाल्या. "तू नीट जा."

ट्रॅकवर धम्मानंद वाट बघत होता. त्यानं पेडल दाबून पाहिलं आणि भुवया उंचावल्या. "वहिनी, हवा कुणाकडून काढून घेतली? एकटीनं जमणारं काम न्हाई हे."

"होतं कुणीतरी सोबत," ती म्हणाली.

पहिली चक्कर तिनं बेतानं मारली, पॅड नवे होते. मग सोडली गाडी. लांबलचक सरळ पट्ट्यावर इंजिन किंचाळायला लागलं, शेवटचं वळण अंगावर धावून आलं, आणि तिनं पाय दिला. ब्रेकनं जमीन पकडली. छातीवर पट्टा आवळला, गाडी नाक खाली करून वाकली आणि सुरीनं कापल्यासारखी वळणातून निघाली. पुन्हा एकदा, आणि पुन्हा. मधल्या कुठल्यातरी चकरेत तिला जाणवलं की ती मोठमोठ्यानं ओरडते आहे, जत्रेतल्या पाळण्यात ओरडतात तशी, आणि हेल्मेटच्या आत कुणालाच ते ऐकू जात नाही.

दुपारी सावलीत बसून तिनं घरी फोन लावला. खूप वेळ घंटा वाजली.

"आत्या, जेवलात का?"

"जेवलो की आम्ही," यशोदाबाई म्हणाल्या.

राजकन्याच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"ती उठली?"

"उशिरा उठली. डोळे सुजलेत. च्या घेतला, अर्धी भाकर खाल्ली. आता नागम्माकडच्या शेंगा घेऊन बसलीय सोलत. बोलत न्हाई अजून." आत्यांचा आवाज साधाच होता, घरातल्या आजाऱ्याची खबर द्यावी तसा. "बोलल हळूहळू. तुझं कसं झालं ते सांग."

समोर ट्रॅकवरून एक लाल गाडी घोंघावत गेली. आवाज विरेपर्यंत राजकन्या थांबली. आज संध्याकाळी त्या घरात परत जायचं होतं. दारात पाऊल टाकल्यावर समोर कोण बसलेलं असेल, आणि ते मान वर करून आपल्याकडं बघेल तेव्हा काय होईल, हे तिला माहीत नव्हतं. तरी ती म्हणाली,

"आत्या, तिला सांगा, ब्रेक झकास लागले."

फोन कानापासून लांब गेला. शेंगा फुटल्याचा बारीक आवाज येत होता. आत्या कुणालातरी म्हणाल्या, "अगं, ऐकलंस का? ब्रेक झकास लागले म्हणती."

शेंगांचा आवाज थांबला.

मग खूप लांबून, रडून रडून बसलेल्या घशानं कुणीतरी विचारलं, "आणि तिनं जेवण केलं का?"